कम्प्युटरवर नजर ठेवायची असेल तर काय बसवावं आणि काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी तेरा वर्षांचा मुलगा लॅपटॉपवर तासन्‌तास बसतो आणि काय करतो ते कळत नाही. ऑफिसात हिशेबाचं काम करणारी दहा माणसं आहेत, त्यातली निम्मी घरून काम करतात. ती खरंच काम करतात का, आणि ग्राहकांची माहिती बाहेर तर जात नाही ना, अशी शंका येते. तर दोन्हीकडे चालेल असं एखादं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर सुचवा, शक्यतो समोरच्याला कळणार नाही असं.

मी बरीच वर्षं लहान-मध्यम ऑफिसांचे कम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. अशी सॉफ्टवेअर बसवली आहेत, काढली आहेत, त्यांचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइल्स, रात्री बसून उपसले आहेत. म्हणून निष्कर्ष आधी सांगतो: दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर वापरू नका, आणि लपून चालणारं तर कुठेच बसवू नका. नीतीचा मुद्दा आहेच. पण निव्वळ तांत्रिक बाजूने पाहिलं तरी लपून सगळं टिपणारं सॉफ्टवेअर तुमचा धोका वाढवतं. ते जे जे टिपतं ते कुठेतरी साठतं, आणि साठलेल्याची जबाबदारी तुमच्या अंगावर येते.

ही सॉफ्टवेअर नेमकं काय बघतात ते आधी समजून घ्या, कारण जाहिरातीत सगळं एकाच ओळीत कोंबलेलं असतं.

सगळ्यात वरवरची पातळी म्हणजे समोर कोणती विंडो उघडी आहे आणि कीबोर्ड-माउसला शेवटचा हात कधी लागला. ऑपरेटिंग सिस्टिमला हे दोन्ही कायम माहीत असतं. सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी तिला विचारतं आणि लिहून ठेवतं. डॅशबोर्डवरचे ते रंगीत तक्ते, इतका वेळ एक्सेल, इतका वेळ यूट्यूब, इतका वेळ निष्क्रिय, एवढ्याच माहितीतून तयार होतात. यातली ‘निष्क्रिय’ ही नोंद सगळ्यात फसवी. ग्राहकाशी वीस मिनिटं फोनवर बोलणारी, छापील कागदांची थप्पी तपासणारी, ताळा का जुळत नाही याचा विचार करत बसलेली माणसं या मोजणीत रिकामटेकडी दिसतात. उलट माउस आपोआप हलवणारं छोटं यंत्र लावून झोपलेला माणूस कामसू ठरतो. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून काढून टाकलं. दिवस कीबोर्डच्या हालचालीवरून मोजला जातोय हे कळलं, की काही जण कामाऐवजी हालचालच पुरवू लागतात.

विंडोच्या शीर्षकाबद्दलही जरा सावध राहा. ते निरुपद्रवी वाटतं, पण त्यात मेलचा विषय, फाइलचं नाव, शोधलेला शब्द असं सगळं येतं. कुणी सुट्टीच्या अर्ध्या तासात स्वतःच्या आजाराबद्दल शोधलं, तर ते आजाराच्या नावासकट तुमच्या साप्ताहिक अहवालात येऊन बसतं. तुम्हाला ते नको होतं, पण आता ते तुम्हाला माहीत आहे, आणि पुढे त्या व्यक्तीची बढती अडली तर तुम्हाला ते माहीत होतं हे नाकारता येणार नाही.

दुसरी पातळी नेटवर्कची. राउटर किंवा डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) सांगू शकते की कोणत्या साइटकडे मागणी गेली. मात्र आज बहुतेक सगळी वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) वाहतुकीवर चालते, त्यामुळे बाहेरून फक्त साइटचं नाव दिसतं. कोणतं पान, कोणता मजकूर, ते दिसत नाही. काही उत्पादनं म्हणतात की आम्ही आतलंही दाखवतो. ती तसं करतात म्हणजे कम्प्युटरवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर कम्प्युटर साइटची ओळख खरी मानतो ते प्रमाणपत्र) बसवतात, मध्ये उभी राहतात, कुलूपबंद वाहतूक उघडतात, वाचतात आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतात. बँकेचा पासवर्डही याच वाटेने जातो. हे काम कच्चं झालं तर काय होतं ते २०१५ मध्ये दिसलं. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आधीच टाकलेल्या सुपरफिश नावाच्या जाहिरातबाज सॉफ्टवेअरने असंच सर्टिफिकेट बसवलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच होती. ती किल्ली काही काळातच बाहेर आली. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोमोडिया नावाचं जे इंजिन होतं, तेच इंजिन मुलांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्येही सापडलं. पालकांनी मुलाच्या काळजीपोटी लॅपटॉपचं मुख्य दारच उघडं टाकलं होतं आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. दहा माणसांच्या ऑफिसने आणि कुठल्याही घराने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी पातळी स्क्रीनशॉट आणि कीलॉगरची. लोक पैसे मोजतात ते मुख्यतः यासाठी, आणि गडबडही इथेच होते.

तुमच्याच ऑफिसचा हिशेब करू. दर पाच मिनिटांनी एक स्क्रीनशॉट, आठ तास काम, म्हणजे माणशी दिवसाला ९६ चित्रं. दहा माणसांची ९६०. महिन्याचे २२ दिवस धरले तर २१,१२० चित्रं. कोण बघणार? पहिल्या आठवड्यात मालक उत्साहाने बघतो, दुसऱ्या आठवड्यात अधूनमधून, आणि मग कुणीच नाही. हा प्रकार मी एकूण एक ठिकाणी पाहिला आहे. पण बघणारा थांबला तरी सॉफ्टवेअर थांबत नाही. चित्रं साठत राहतात, आणि हिशेबाच्या ऑफिसात त्या चित्रांवर काय असतं? ग्राहकांचे ताळेबंद, बँक खात्यांचे क्रमांक, पगाराचे आकडे, कधी उघडा पडलेला पासवर्ड. ग्राहकांची मूळ फाइल तुम्ही परवानग्या लावून बंद फोल्डरमध्ये ठेवता, आणि तिचीच हजारो छायाचित्रं तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पाठवता. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आणलेली वस्तूच माहिती बाहेर नेते.

ही भीती कल्पनेतली नाही. पीसीटॅटलटेल नावाचं सॉफ्टवेअर पालकांना आणि मालकांना स्क्रीनवर नजर ठेवण्यासाठी विकलं जायचं. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही हॉटेलांच्या चेक-इन कम्प्युटरवर ते चालू असल्याचं आणि त्याच्या त्रुटीमुळे पाहुण्यांच्या तपशिलांचे स्क्रीनशॉट बाहेरच्यांना मिळू शकत असल्याचं उघड झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची वेबसाइट हॅक झाली, आतला डेटा बाहेर आला आणि कंपनी बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये वर्ककम्पोजर या कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या सेवेचे २ कोटी १० लाखांहून अधिक स्क्रीनशॉट क्लाउडवर कुलूप न लावता ठेवलेले सापडले. फोनवर नजर ठेवणाऱ्या एमस्पायचा डेटा तर २०१५, २०१८ आणि २०२४ असा तीनदा बाहेर आला. ज्या कंपनीचा धंदाच गुपचूप टिपण्याचा, तिने टिपलेलं नीट जपलं असेल असं धरून चालू नका.

कीलॉगरचं तर नावच काढू नका. तो दाबलेलं प्रत्येक बटण लिहितो, म्हणजे पासवर्ड, ओटीपी, घरच्यांशी केलेल्या गप्पा, सगळं. दुसऱ्याच्या बँकेचा पासवर्ड तुमच्या लॉगमध्ये आला आणि उद्या त्याच्या खात्यातून पैसे गेले, तर संशय पहिल्यांदा कोणावर येईल याचा विचार करा.

अजून एक गोष्ट, जी विकणारे हळूच सांगतात आणि घेणारे मान डोलावून करतात. लपून चालणारं सॉफ्टवेअर आणि चोरांचं सॉफ्टवेअर यांची वागणूक सारखीच असते: नाव बदलून चालणं, टास्क मॅनेजरमध्ये न दिसणं, स्क्रीन टिपून बाहेर पाठवणं. म्हणून अँटिव्हायरस त्याला पकडतो. मग बसवण्याच्या सूचनांमध्ये एक पायरी येते की अमुक फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. ही पायरी दिसली की तिथेच थांबा. तुम्ही त्या कम्प्युटरवर अशी एक जागा तयार करताय जिथे कुणीही काहीही आणून ठेवलं तरी पहारेकरी तिकडे बघणार नाही. सॉफ्टवेअर पुढे काढलं तरी ती सूट बहुतेक वेळा तशीच राहते. ऑफिस ताब्यात घेताना मी सगळ्यात आधी ही सुटींची यादी उघडतो, आणि तिथे जुन्या टेहळणीचे अवशेष सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आता ऑफिसकडे. ‘ते काम करतात का’ आणि ‘माहिती बाहेर जाते का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोघांची हत्यारंही वेगळी आहेत.

माहितीचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे, म्हणून तिथे पैसे आणि वेळ घाला. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. एकच पासवर्ड चौघांत वाटलेला असेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर कोणी काय केलं ते सांगू शकणार नाही. रोजच्या वापराचं खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिन (कम्प्युटरवर काहीही बदलू शकणारं खातं) नको. सामाईक फोल्डरच्या परवानग्या माणसागणिक तपासा. लहान ऑफिसात प्रत्येकाला सगळं दिसतं आणि गळती तिथूनच सुरू होते. पेन ड्राइव्हवर लिहिणं विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून (कम्प्युटरवर नियम लावण्याची सोय) बंद करता येतं. त्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती घ्या, होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर येत नाही. फाइल्स क्लाउडवर असतील तर तिथला ऑडिट लॉग बघायला शिका. कोणत्या खात्याने कोणती फाइल कधी उतरवली, कोणाला शेअर केली, हे तिथे लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये नेहमीच्या योजनेत ही नोंद १८० दिवस राहते. रात्री अकरा वाजता एकाच खात्यातून चारशे फाइल्स उतरल्या, हे त्या लॉगमधून कळतं. स्क्रीनशॉटमधून कळायला कुणीतरी नेमकं तेच चित्र उघडायला हवं.

खुद्द विंडोजही पुष्कळ काही लिहून ठेवतं आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाची नोंद म्हणजे लॉगिन. ऑडिटची संबंधित पॉलिसी चालू केली तर ४८०० म्हणजे स्क्रीन लॉक, ४८०१ म्हणजे अनलॉक, ४६८८ म्हणजे नवीन प्रोग्राम सुरू झाला. फक्त लक्षात ठेवा, या लॉगचा आकार मुळात २० एमबी एवढाच असतो आणि तो भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या येतात. गरज पडेल तेव्हा नोंद गेलेली असते, म्हणून आकार आजच वाढवा. याहून खोल हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं सिसमॉन आहे. प्रोग्राम कोणी सुरू केला, तो कुठे जोडला गेला, कोणत्या साइटचं नाव विचारलं, हे सगळं ते लिहितं. स्क्रीनचं चित्र काढत नाही आणि बटणं टिपत नाही. अशाच नोंदी मला हव्या असतात. कम्प्युटरवर काय घडलं ते कळतं आणि माणसाचं खासगी बोलणं हाती येत नाही.

‘काम करतात का’ याचं उत्तर मात्र कम्प्युटरमध्ये नाही. तुमच्या ऑफिसचं काम मोजता येण्यासारखं आहे: किती खाती मिटली, किती विवरणपत्रं वेळेत गेली, किती चुका परत आल्या, ग्राहकाला उत्तर किती दिवसांत मिळालं. याचा एक साधा सामाईक तक्ता ठेवा आणि तो सगळ्यांना दिसू द्या. ज्याचा तक्ता नीट आहे त्याने दुपारी अर्धा तास यूट्यूब पाहिलं तर पाहू द्या. ज्याचा तक्ता कोसळला आहे त्याच्याशी बोला, आणि बोलताना हातात कामाचा तक्ता असू द्या, माउसचा नाही. मायक्रोसॉफ्टलाही हे निस्तरावं लागलं होतं: २०२० मध्ये त्यांच्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअरमध्ये मॅनेजरला एकेका माणसाचे आकडे नावासह दिसायचे, टीका झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी नावं काढून टाकली.

तरीही काही ठिकाणी वेळेची नोंद लागतेच. ग्राहकाला तासावर बिल लावायचं असतं, किंवा करारातच तसं असतं. मग जिथे कर्मचारी स्वतः घड्याळ सुरू-बंद करतो आणि स्वतःची नोंद बघू-सुधारू शकतो, असं टाइम ट्रॅकर घ्या. स्क्रीनशॉटची सोय त्यात असेल तर बंद करा. नुसतं वापरणार नाही म्हणू नका, बंदच करा.

आणि जे काही बसवाल ते आधी लेखी सांगा. कायदा देशागणिक वेगळा आहे, पण सगळीकडे वाऱ्याची दिशा एकच दिसते. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक देखरेखीची लेखी सूचना कर्मचाऱ्याला कामावर घेतानाच द्यावी लागते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २५ किंवा अधिक कर्मचारी असतील तर लेखी धोरण लागतं. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने २०२४ च्या डिसेंबरात एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ३ ते १५ मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही की निष्क्रियतेची नोंद व्हायची, आणि शिवाय स्क्रीनशॉटही घेतले जात होते.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो रुमानियातला बर्बुलेस्कू खटला. कंपनीच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी उघडलेल्या याहू मेसेंजर खात्यावर एका इंजिनिअरने भावाशी आणि वाग्दत्त वधूशी खासगी बोलणं केलं. कंपनीने ते सगळं नोंदवलं आणि २००७ मध्ये त्याला काढलं. कंपनीत खासगी वापराला बंदी होती आणि ती त्याला माहीतही होती. तरी ५ सप्टेंबर २०१७ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने विचारलेल्या गोष्टी मालकाने भिंतीवर लावाव्यात अशा आहेत: देखरेख होणार हे आधी सांगितलं होतं का, ती किती खोल जाते हे सांगितलं होतं का, तिला ठोस कारण होतं का, आणि याहून कमी घुसखोरी करून तेच साधलं असतं का. तुम्ही कुठेही असा, हे चार प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तरं लिहून काढा. एका पानात मावतात. कोणती नोंद होते, कोण बघतं, किती दिवसांनी पुसली जाते, हेही त्याच पानावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. नोंद पुसण्याची मुदत ठरवली नाही तर ती कधीच पुसली जात नाही.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र काहीच बसवू नका. त्यावर त्याच्या घरच्यांचे फोटो आहेत, मुलांचा अभ्यास आहे. घरून काम हवं तर ऑफिसचा लॅपटॉप द्या, ते परवडत नसेल तर काम ब्राउझरमधून क्लाउडवर होऊ द्या आणि तिथला लॉग बघा.

आता घर. मुलाचा विषय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ऑफिसात चुकलं तर माणूस नोकरी सोडून जातो, घरात चुकलं तर मूल घरातच राहतं आणि बोलणं बंद करतं.

तेरा वर्षांच्या मुलाला इंटरनेटवर खरा धोका कशाचा असतो? अश्लील साइट हा एक. पण मला जास्त काळजी वाटते ती दोन गोष्टींची: गेमच्या क्रॅक (फुकट चालावी म्हणून फोडलेली प्रत) आणि मॉडमधून (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स) येणाऱ्या मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, आणि गेमच्या चॅटमध्ये मैत्री करून पुढे फोटो मागणाऱ्या, मग त्या फोटोवरून धमकावणाऱ्या अनोळखी माणसांची. ही दुसरी गोष्ट घडते तेव्हा काही तासांत घडते. त्या वेळी तुमच्याकडचा लॉग कामाला येत नाही, कारण तुम्ही तो रविवारी बघणार असता. कामाला येतं ते एकच, मुलगा उठून तुमच्याकडे आला पाहिजे. आपल्यावर चोरून नजर ठेवली गेली हे त्याला कळलेलं असेल, आणि हे मुलांना आज ना उद्या कळतंच, तर तो तुमच्याकडे येणार नाही. म्हणून लपलेलं सॉफ्टवेअर घरात नको. कुठलंही साधन बसवण्याआधी त्याला हे सांगून ठेवा: कुणी धमकावलं तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, थेट मला सांगायचं, मी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

साधनं साधी आहेत. त्याचं विंडोज खातं स्वतंत्र आणि साधं असू द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. एवढ्यानेच बरंच मालवेअर अडतं, कारण पूर्ण कम्प्युटरवर परिणाम करणारं काही बसवायला तुम्हाला विचारावं लागतं. मग मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी चालू करा: वेळेची मर्यादा, अ‍ॅपची मर्यादा, आठवड्याचा अहवाल. त्याची वेब-गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते आणि दुसरे ब्राउझर ते अडवतं, हे माहीत असू द्या, नाहीतर शाळेच्या कामाला क्रोम लागला की गोंधळ होतो. मॅक असेल तर २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून स्क्रीन टाइम आतच आहे. राउटरवर डीएनएस म्हणून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ टाका, तो मालवेअर आणि अश्लील साइट अडवतो, फुकट आहे, आणि घरातल्या सगळ्या उपकरणांना एकदम लागू होतो. व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा), मोबाइल डेटा किंवा ब्राउझरचा स्वतःचा सुरक्षित डीएनएस वापरला की ही गाळणी चुकवता येते. चुकून समोर येणाऱ्या गोष्टी ती थांबवेल. ठरवून शोधणाऱ्याला थांबवणार नाही.

साप्ताहिक अहवाल मुलासोबत बसून बघा. ‘रात्री एक वाजेपर्यंत काय चालू होतं?’ हे त्याच्यासमोर आकडा ठेवून विचारता येतं आणि त्यालाही उत्तर देता येतं. लॅपटॉप बैठकीच्या खोलीत राहू द्या आणि रात्री चार्जिंगला तुमच्या खोलीत. याचा उपयोग कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होतो हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता तेच आधी सांगतो. आणि दर वाढदिवसाला एक बंधन सैल करा. सोळाव्या वर्षी अहवाल बंद होईल हे तेराव्या वर्षीच सांगून टाका.

वेबकॅम दुरून चालू करणाऱ्या सोयीला हात लावू नका, चोरीपासून संरक्षण म्हणून दिलेली असली तरी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा मंडळाने विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपवर अशीच सोय होती. २०१० मध्ये कळलं की मुलं घरी, स्वतःच्या खोलीत असतानाही कॅमेऱ्याने चित्रं टिपली गेली होती. कॅमेऱ्याची आणि स्क्रीनची मिळून ५०,००० हून जास्त. प्रकरण ६,१०,००० डॉलरवर मिटलं.

प्रश्नात नाही, पण या विषयावर लोक हळूच विचारतात म्हणून सांगतो: नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा कुठल्याही सज्ञान माणसाच्या उपकरणावर त्याच्या नकळत असं काही बसवायला मी मदत करत नाही आणि कुणी करू नये. बऱ्याच देशांत तो सरळ गुन्हा आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पायफोन या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला या धंद्यातूनच बंदी घातली, ती अशाच चोरट्या टेहळणीसाठी.

आणि आपल्यावरच कुणी नजर ठेवतंय अशी शंका असेल तर? विंडोजमध्ये अँटिव्हायरसच्या सुटींची यादी बघा, सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स चालवून आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बघा, विश्वासार्ह रूट सर्टिफिकेटच्या यादीत अनोळखी नाव आहे का ते बघा. मॅकवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग या तीन परवानग्या कोणाला दिल्या आहेत ते तपासा. कीबोर्डची वायर जिथे जोडली आहे तिथे मध्येच एखादा बोटाएवढा तुकडा (बटणं टिपणारं यंत्र) तर नाही ना, तेही वाकून बघा. मात्र नजर ठेवणारा माणूस हिंसक असेल तर लगेच काही काढू नका. काढलेलं त्याला कळतं. आधी दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून मदत मागा, मग पुढचं.

स्वतःचाच वेळ कुठे जातो हे बघायचं असेल तर अ‍ॅक्टिव्हिटीवॉच वापरा. मुक्त स्रोत आहे, आणि डेटा तुमच्याच कम्प्युटरवर राहतो. मला वाटतं प्रत्येक मालकाने दुसऱ्यांवर काही बसवण्याआधी महिनाभर ते स्वतःवर चालवावं. स्वतःच्या ‘निष्क्रिय’ वेळेत आपण नेमकं काय करत होतो हे आठवून पाहिलं की तक्त्यांवरचा आंधळा विश्वास उतरतो.

शेवटचा भाग ऑफिसच्या त्या शंकेचा. एखाद्या ठरावीक माणसावर ठोस संशय असेल, म्हणजे ग्राहकाची यादी प्रतिस्पर्ध्याकडे पोचल्याचं कळलं असेल, तर त्याच्या कम्प्युटरवर आज गुपचूप काही बसवू नका. त्याने जे केलं ते होऊन गेलंय, आणि नवीन सॉफ्टवेअर बसवताना तुम्ही डिस्कवरच्या पुसलेल्या फाइल्सच्या जागेवर लिहिताय, म्हणजे पुरावाच मिटवताय. तो कम्प्युटर स्वतः उघडून चाळू नका, रीस्टार्ट करू नका. क्लाउडचे ऑडिट लॉग आणि मेलच्या नोंदी त्याच दिवशी उतरवून, तारखेसह, फक्त वाचता येतील अशा जागी ठेवा. त्याच्या खात्याचे पासवर्ड आणि प्रवेश कधी बंद करायचे ते वकिलाला विचारून ठरवा. डिस्कची हुबेहूब प्रत डिजिटल फोरेन्सिकच्या (कम्प्युटरवरचा पुरावा तपासणाऱ्या) माणसाकडून काढून घ्या आणि कोणी, कधी, कोणाच्या हाती दिली हे कागदावर लिहा. चौकशी तुम्ही एकट्याने करू नका. दुसरं कुणीतरी, शक्यतो त्या माणसाशी भांडण नसलेलं, सोबत असू द्या.